गुन्हा पतीवर, टाच सगळ्या घरावर: आरोपी नसलेल्या पत्नीने काय करावे?

नाशिकच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेचे पत्र आले आहे. थोडक्यात असे:

“माझी नोकरी १९९८ पासूनची. पती २०१७ पासून ठेवी गोळा करणाऱ्या एका कंपनीत संचालक होते. २०१८ ते २०२२ या काळात ठेवीदारांना फसवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे आणि ते तुरुंगात आहेत. मी आरोपी नाही. ३ मार्चला ईडीने आमच्या फ्लॅटच्या जप्तीचा आदेश काढला. फ्लॅट २०१५ मध्ये दोघांच्या नावावर ६२ लाखांना घेतला. सुरुवातीला २२ लाख भरले, त्यातले ९ लाख माझ्या भविष्य निर्वाह निधीतून, ५ लाख माझ्या वडिलांनी दिले, ८ लाख पतीचे. ४० लाखांचे कर्ज होते, साडेनऊ टक्क्यांनी, वीस वर्षांचे. मार्च २०१९ पर्यंतचे ४५ हप्ते माझ्या पगारातून गेले, पुढचे २४ पतीच्या खात्यातून. २०२१ मध्ये त्यांनी उरलेले सुमारे ३५ लाख एकदम फेडले. घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आणि बारावीतली मुलगी आहे. माझा पगार जमा होतो ते जॉइंट खाते आणि लॉकरही गोठवले आहे. निफाड तालुक्यातली सासऱ्यांची २ हेक्टर १० आर जमीनही आदेशात आहे. तिच्यावर दिरांचे आणि सासूबाईंचेही नाव आहे. आता दिल्लीहून नोटीस आली आहे, ३० दिवसांत उत्तर द्या म्हणून. घराबाहेर काढतील का? आमचे हाल कुणी बघणार आहे की नाही?”

ताई, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण अशा प्रकरणांत पहिला घोळ तिथेच होतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२, म्हणजे सगळे ज्याला पीएमएलए म्हणतात, त्यात ‘कुटुंबाचे हाल होतील’ हा जप्ती उठवण्याचा स्वतंत्र आधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या २००२ च्या केंद्रीय कायद्यात कलम ७२ आहे. मालमत्ता सरकारजमा झाल्यामुळे आरोपीवर अवलंबून असणाऱ्यांचे हाल होणार असतील, तर त्या कलमाखाली न्यायालय सरकारला त्यांना रक्कम द्यायला लावते. आपल्याकडे तसे काही नाही. असायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण नोटिशीचे उत्तर आहे त्या कायद्यावर लिहावे लागते. ईडीची जप्ती कायम करायची की नाही हे ठरवणारी दिल्लीची ॲडज्युडिकेटिंग अथॉरिटी तुम्हाला एकच गोष्ट विचारते आहे: ही मालमत्ता कुठल्या पैशातून आली? सासूबाईंच्या आजारपणाची आठ पाने आणि पैशाच्या हिशेबाचे अर्धे पान, असे उत्तर गेले तर त्याचा उपयोग शून्य. हालांचा मुद्दा वाया जात नाही. त्याची वेळ नंतर येते, घराचा ताबा घ्यायची पाळी येते तेव्हा. तिथपर्यंत येऊच.

आधी तारखा. ३ मार्चचा आदेश कलम ५ खालचा, तात्पुरत्या जप्तीचा. तो जास्तीत जास्त १८० दिवस चालतो, म्हणजे ३० ऑगस्टच्या आसपासपर्यंत. त्याआधी अथॉरिटीने कलम ८(३) खाली तो कायम केला नाही, तर तो गळून पडतो. जप्तीपासून ३० दिवसांत ईडीने अथॉरिटीकडे तक्रार दाखल करायची असते. वकील तिला ‘ओसी’ म्हणतात. त्यावर तुम्हाला ही कलम ८(१) ची नोटीस आली. उत्तराला किमान ३० दिवस द्यावेच लागतात. मुदतवाढ मागता येते, पण अथॉरिटीलाही १८० दिवसांत काम संपवायचे असते, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. मागायचीच तर मुदत संपण्याआधी, लेखी आणि कारण देऊन. कुणी म्हणेल, थेट उच्च न्यायालयातून स्थगिती आणू. ती मिळालीच तर स्थगितीचा काळ १८० दिवसांतून वगळला जातो, म्हणजे ज्या घड्याळाचा तुम्हाला फायदा होता तेच तुम्ही थांबवता. उत्तर चांगले असेल तर आधी अथॉरिटीपुढेच लढा.

नोटिशीबरोबर कागदांचा गठ्ठा किंवा पेन ड्राइव्ह आला असेल. त्यात तीन गोष्टी असायला हव्यात: जप्तीचा आदेश, तक्रार आणि ज्या कागदांवर ईडी विसंबते ते कागद, म्हणजे ‘आरयूडी’. अनुक्रमणिका समोर ठेवून पाने मोजा. कमी असतील, वाचता येत नसतील, तर त्याच आठवड्यात लेखी मागणी करा. मालमत्ता गुन्ह्यातली आहे असे मानण्याची अधिकाऱ्याने नोंदवलेली कारणे त्यात नसतील, तर तीही मागा. सुनावणीच्या दिवशी तोंडी केलेली तक्रार कुठेच नोंदली जात नाही.

मग आदेशात तुमच्या फ्लॅटचा परिच्छेद शोधा आणि तो कुठल्या कारणाने जप्त झाला ते बघा. कारणे दोन असू शकतात. एक, फ्लॅटच गुन्ह्याच्या पैशातून घेतला किंवा फेडला, म्हणजे थेट कलंकित मालमत्ता. दुसरे, गुन्ह्याचा पैसा सापडत नाही म्हणून तेवढ्या किमतीची आरोपीची दुसरी मालमत्ता धरली. बचाव यावर ठरतो. दुसऱ्या प्रकारात पतीच्या हिश्श्यापलीकडे जायला ईडीला आधारच कमी असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ॲक्सिस बँकेच्या प्रकरणात २ एप्रिल २०१९ च्या निकालात हा फरक नीट मांडला आहे: किमतीपोटी धरलेल्या मालमत्तेत एखाद्या त्रयस्थाचा हक्क गुन्ह्याच्या आधीपासूनचा आणि प्रामाणिक असेल, तर त्या हक्कावर जप्ती टिकत नाही. किमतीपोटीच्या जप्तीबद्दल सगळ्या उच्च न्यायालयांचे मत एकसारखे नाही, म्हणून वकिलांना मुंबई उच्च न्यायालयाचे ताजे निकालही बघायला सांगा. तुमच्या बाबतीत २०२१ चे ३५ लाख समोर दिसत असल्याने ईडी पहिलेच कारण पुढे करील असा अंदाज आहे. दोन्ही लिहिली असतील तर दोन्हींना वेगळे उत्तर द्या.

आता हिशेब. हाच तुमच्या उत्तराचा कणा, म्हणून इथे जरा सावकाश.

साडेनऊ टक्क्यांनी ४० लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ३७,२८५ रुपये येतो. तुमचे ४५ हप्ते म्हणजे १६ लाख ७८ हजार. ऐकायला मोठी रक्कम. पण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असते, त्यामुळे मुद्दलातून त्यातले जेमतेम ३ लाख फिटले. पतीच्या २४ हप्त्यांतून आणखी २ लाख १० हजार, आणि मग एकरकमी सुमारे ३४ लाख ९० हजार. दर मध्ये बदलला असेल तर आकडे थोडे हलतील, म्हणून बँकेचा खाते उतारा हाच अंतिम. मुद्दलाच्या हिशेबाने ६२ लाखांपैकी तुमचे १७ लाख (९, ५ आणि ३), पतीचे गुन्ह्याच्या काळाआधीचे ८ लाख आणि वादातले ३७ लाख. म्हणजे तुमचा हिस्सा २७ टक्के, आणि गुन्ह्याशी संबंध नसलेला एकूण भाग ४० टक्के.

दुसरी पद्धत आहे खिशातून गेलेल्या सगळ्या पैशाची, व्याजासकट. त्यात घराचा एकूण खर्च ८२ लाख ६० हजार होतो. तुमचे ३० लाख ८० हजार, म्हणजे ३७ टक्के, आणि स्वच्छ भाग ४७ टक्क्यांवर जातो. व्याज भरल्याशिवाय घर हातात राहिलेच नसते, हा युक्तिवाद रास्त आहे. ईडी मुद्दलाचा हिशेब लावील. तुम्ही दोन्ही तक्ते जोडा, पहिला मोठ्या रकमेचा, दुसरा पर्याय म्हणून. फक्त मोठा आकडा टाकून मुद्दल-व्याजाची फोड लपवली, तर ती समोरचा काढतोच आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

सर्वोच्च न्यायालयाने पवना डिब्बूर प्रकरणात २९ नोव्हेंबर २०२३ ला म्हटले आहे की गुन्हा घडण्याच्या आधी घेतलेल्या मालमत्तेचा त्या गुन्ह्याच्या पैशाशी संबंध जोडता येत नाही. तुमचा फ्लॅट २०१५ चा आणि गुन्ह्याचा काळ २०१८ पासूनचा, त्यामुळे हा निकाल जोडाच. मात्र त्याने सगळा फ्लॅट सुटेल असे समजू नका. कर्ज नंतर फेडले आहे आणि कायद्याच्या व्याख्येत ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मिळवलेली’ मालमत्ता येते. सुरुवातीच्या २२ लाखांसाठी हा निकाल भक्कम, ३५ लाखांसाठी कमकुवत. ते ३५ लाख पतीकडे कुठून आले, हे त्यांच्या वकिलांकडून कळले तर बघा. त्यातला काही भाग २०१८ पूर्वीच्या मुदत ठेवीतून किंवा विम्यातून आला असेल, तर तेवढाही वादातून बाहेर काढता येईल.

आता या हिशेबातल्या तीन कच्च्या जागा.

पहिली, जॉइंट खाते. त्या खात्यात पतीनेही पैसे टाकले असतील, तर ‘हप्ता पगारातूनच गेला’ हे नुसते म्हणून चालत नाही. महिनावार तक्ता करा: पगार जमा झाल्याची तारीख, रक्कम, हप्ता कापल्याची तारीख, त्या दिवशीची शिल्लक. पंचेचाळीस ओळी. पगार हप्त्याहून जास्त आणि हप्त्याच्या आधी जमा झालेला दिसला की काम झाले.

दुसरी, घरखर्च. सुनावणीत प्रश्न येतो: तुमचा पगार हप्त्यात गेला, मग घर कुणाच्या पैशावर चालले? पतीच्या कंपनीतल्या पैशावर चालले असेल तर तुमचा पगार मोकळा झाला तोही त्यामुळेच, असे म्हणतात. याचे उत्तर आधी तयार हवे. २०१७ पूर्वी पती काय करत होते, त्यांचे तेव्हाचे विवरणपत्र, हप्ता वजा जाता तुमच्या पगारात उरणारे पैसे, जमिनीचे उत्पन्न. २०१८ च्या आधीच्या हप्त्यांना तर हा प्रश्न लागूच होत नाही, हेही ठासून लिहा.

तिसरी सर्वात घातक: कलम ५० खाली ईडीने तुमचा जबाब घेतला असेल, तर त्याची प्रत आरयूडीत शोधा. अशा जबाबांत ‘मला काहीच माहीत नाही, पैशाचे सगळे व्यवहार तेच बघायचे’ हे वाक्य हमखास असते. म्हणणाऱ्या बाईला सांगायचे असते की माझा गुन्ह्याशी संबंध नाही. वाचणारा अर्थ काढतो की घरात हिचा पैसाच नव्हता. हे वाक्य तुमच्या जबाबात असेल तर त्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ नका. ते कंपनीच्या व्यवहारांबद्दल होते, माझ्या पगाराचे आणि निधीचे कागद हे असे आहेत, असा खुलासा शपथपत्रात करा.

कागद असे गोळा करा. नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू. कर्ज मंजुरीचे पत्र आणि कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंतचा पूर्ण उतारा. तुमच्या खात्याचा २०१५ ते २०२१ चा उतारा, बँकेच्या शिक्क्यासह आणि बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याखालच्या प्रमाणपत्रासह. मोबाइलवरून काढलेली पीडीएफ पुरेशी नाही, आणि जुना उतारा मिळायला शाखेत वेळ लागतो, म्हणून हा अर्ज उद्याच द्या. निधीतून ना-परतावा रक्कम काढल्याचा मंजुरी आदेश आणि त्या वर्षाची निधीची स्लिप, शाळेमार्फत वेतन पथकाकडून. फॉर्म १६ आणि विवरणपत्रे. वडिलांच्या ५ लाखांसाठी दोन्ही खात्यांतल्या नोंदी आणि त्यांच्याकडे ती रक्कम आली कुठून याचा कागद, उदाहरणार्थ निवृत्तीची ग्रॅच्युइटी. वडिलांनी मुलीला दिलेल्या भेटीवर आयकर नाही, त्यामुळे ती लपवायचे कारण नाही. बक्षीसपत्र तेव्हा केले नसेल तर आज वडिलांचे आजच्याच तारखेचे शपथपत्र करा. जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर मिळवून देणारे लोक कोर्टाच्या आवारात भेटतील. मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत ते उघडे पडते, आणि आज आरोपी नसलेली व्यक्ती मग आरोपी होते.

पुराव्याच्या ओझ्याबद्दलही बोलले पाहिजे. कलम २४ खाली आरोप असलेल्या माणसाविरुद्ध मालमत्ता गुन्ह्यातली आहे असे गृहीत धरावेच लागते. बाकीच्यांविरुद्ध तसे धरता येते, पण सक्ती नाही. तुम्ही दुसऱ्या गटात आहात. हा फरक उत्तरात पहिल्या पानावर यावा. आणि म्हणूनच पतीचे आणि तुमचे उत्तर एकत्र नको, वकीलही शक्यतो वेगळे. त्यांच्या वकिलांचा हेतू वाईट असतो असे नाही. पण पतीचे हित ‘३५ लाख स्वच्छ होते’ हे सांगण्यात आहे आणि तुमचे हित ‘ते कसेही असोत, माझे १७ लाख वेगळे आहेत’ हे सांगण्यात. एका वकिलाला दोन्ही तितक्याच जोराने म्हणता येत नाही. शिवाय सगळा फ्लॅट माझ्याच पैशाचा आहे असे शपथपत्र करायचा सल्ला कुणी दिला तर करू नका. बँकेचा उताराच ते खोटे पाडील.

उत्तराच्या शेवटी मागणी दोन पायऱ्यांत लिहा. पहिली, फ्लॅटवरची जप्ती कायम करू नये. ती मान्य नसेल तर, जप्ती वादातल्या रकमेपुरती मर्यादित करावी आणि तुमचा हिस्सा टक्क्यांत नोंदवून वगळावा. दुसरी मागणी लिहायचे बरेच जण विसरतात, आणि मग सगळे किंवा काहीच नाही अशा निकालात काहीच नाही हाती येते.

समजा अथॉरिटीने जप्ती कायम केली. आता हालांच्या मुद्द्याची वेळ आली. तात्पुरत्या जप्तीच्या काळात घर वापरायला कलम ५(४) ने अडथळा नाही. तुम्ही, सासूबाई, मुलगी निर्धास्त राहा. जप्ती कायम झाल्यावर मात्र कलम ८(४) खाली ईडी ताबा मागू शकते, आणि २०१३ च्या नियमांनुसार घर रिकामे करायची नोटीस दहा दिवसांची असते. अपिलाला मुदत आहे आदेश मिळाल्यापासून ४५ दिवस. दहा आणि पंचेचाळीस यांतली ही दरी अनेकांना कळतच नाही. पंचेचाळीस दिवस आहेत म्हणून निवांत राहतात, आणि अपील तयार व्हायच्या आत दारावर नोटीस लागते. म्हणून अपिलाचा आणि स्थगिती अर्जाचा मसुदा अथॉरिटीची शेवटची सुनावणी होताच तयार ठेवा.

स्थगिती अर्जात आधार घ्या विजय मदनलाल चौधरी निकालाचा, सर्वोच्च न्यायालय, २७ जुलै २०२२. हा निकाल एकंदरीत ईडीच्या बाजूचा म्हणून ओळखला जातो, पण त्यातच म्हटले आहे की मालमत्ता सरकारजमा व्हायच्या आधी, निव्वळ जप्ती कायम झाली एवढ्यावर ताबा घेणे हा अपवाद असावा, नियम नव्हे. तुमच्याकडे काय अपवादात्मक आहे ते दाखवायची जबाबदारी मग ईडीवर जाते. इथे सासूबाईंचे वैद्यकीय कागद, वयाचा दाखला, मुलीचे बोनाफाइड, कुटुंबाच्या नावावर दुसरे घर नसल्याचे शपथपत्र आणि मेंटेनन्स व घरपट्टीच्या भरलेल्या पावत्या जोडा. सोबत हमीही द्या: घर विकणार नाही, भाड्याने देणार नाही, त्याची नासधूस होऊ देणार नाही. हमीशिवायचा हालांचा अर्ज लंगडा असतो, कारण त्यात समोरच्या भीतीला उत्तर नसते.

संयुक्त मालकीसाठी याच नियमांत आणखी एक वाट आहे. संबंधित माणसाच्या हिश्श्याच्या किमतीइतकी मुदत ठेव ईडी स्वीकारू शकते आणि घर मोकळे राहू शकते. ऐकायला छान. पण हिश्श्याची किंमत अधिकारी ठरवतो, आणि ती २०१५ च्या भावाने लागेल असे धरू नका. फ्लॅटची किंमत आज समजा ९५ लाख असेल, तर ३७ लाखांचा वाटा वाढून जवळपास ५७ लाख होतो. माहेरच्यांनी जमीन विकून ही रक्कम उभी करावी असे आम्ही सुचवणार नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि ठेव तोवर अडकते.

जॉइंट खात्याचे आजच करायचे काम सोपे आहे. दुसऱ्या बँकेत फक्त तुमच्या नावाचे खाते उघडा आणि मुख्याध्यापकांमार्फत शालार्थ प्रणालीत पगाराचे खाते बदलून घ्या. गोठवलेल्या खात्यातल्या जुन्या शिलकीसाठी ईडीच्या तपास अधिकाऱ्याला अर्ज करा. उताऱ्यावर पगाराच्या नोंदी रंगवून दाखवा आणि तेवढी रक्कम मोकळी करायला सांगा. अर्ज मान्य झाला नाही तरी तो अथॉरिटीपुढच्या उत्तराला जोडता येतो.

लॉकरमधल्या दागिन्यांबाबत लोक ५०० ग्रॅमचा नियम सांगतील. विवाहितेचे ५०० ग्रॅमपर्यंतचे सोने झडतीत जप्त करू नये, ही १९९४ ची सूचना आयकर खात्यासाठीची आहे, ईडीवर ती बंधनकारक नाही. एवढे सोने सामान्य घरात असू शकते हे पटवायला तिचा दाखला द्या, पण भिस्त ठेवा लग्नातल्या फोटोंवर, सराफाच्या पावत्यांवर आणि कुठला दागिना कधी, कुणाकडून आला याच्या यादीवर. २०१८ नंतर घेतलेले दागिने त्या यादीत वेगळे दाखवा.

निफाडची जमीन हा दिरांचा आणि सासूबाईंचा दावा आहे, तुमच्या उत्तरात तो कोंबू नका. त्यांना नोटीस आली नसली तरी कलम ८(२) नुसार मालमत्तेवर हक्क सांगणाऱ्या कुणालाही म्हणणे मांडायची संधी द्यावीच लागते. त्यांनी स्वतःच्या शपथपत्रासह अर्ज करायचा. सोबत सातबारा, आठ-अ, सासऱ्यांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीचा फेरफार आणि त्याआधीचे जुने फेरफार. फेरफाराची तारीख २०१८ पूर्वीची असेल, तर ही जमीन गुन्ह्याच्या पैशातून आली असे म्हणताच येत नाही. ती धरली असेल तर पतीच्या हिश्श्याच्या किमतीपोटीच. वारस सासूबाई आणि दोन मुलगे एवढेच असतील, तर प्रत्येकी ७० आर. मागणी एवढीच: जप्ती पतीच्या ७० आर हिश्श्यापुरती ठेवा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कातली नोंद सगळ्या गटाऐवजी त्या हिश्श्यापुरती दुरुस्त करा. ही दुरुस्ती झाली नाही तर दिरांना पीक कर्ज देताना बँक किंवा सोसायटी आडवी येईल. कसायला बंदी नाही. पेरणी थांबवू नका. पण या काळात वाटणीपत्र किंवा हक्कसोड करून पतीचा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर चढवायचा प्रयत्न मुळीच करू नका. जप्तीला चकवण्यासाठी केलेला बोजा किंवा हस्तांतर टिकत नाही, आणि ते करणाऱ्याकडे संशयाने बघितले जाते. फ्लॅटलाही हेच लागू: मुलीच्या नावे बक्षीसपत्र नको, फीसाठी गहाण नको.

कंपनी ठेवी गोळा करणारी होती, म्हणून दुसऱ्या आघाडीवरही लक्ष ठेवा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, एमपीआयडी, आहे. त्याखाली राज्य सरकार अधिसूचना काढून हाच फ्लॅट वेगळा जप्त करू शकते. तिथे दाद विशेष न्यायालयात मागायची. कलम ७ खाली हक्क सांगणाऱ्यांच्या हरकती ऐकल्या जातात, कलम ९ खाली जप्तीऐवजी तारण देता येते, आणि उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस आहेत. ईडीकडे जिंकलात म्हणून हे आपोआप सुटत नाही. दोन्हीकडे तेच तक्ते, तेच आकडे द्या. एकीकडे १७ आणि दुसरीकडे ३० लाख असे झाले तर दोन्ही दावे बुडतील. आणि एक लक्षात असू द्या, त्या न्यायालयात समोर बसलेले ठेवीदारही तुमच्यासारखेच गुन्हा न करता होरपळलेले आहेत. त्यांच्याविषयी कडवट भाषा अर्जात नको.

पुढचा रस्ता लांब आहे, त्यामुळे तीन गोष्टी वहीत टिपून ठेवा. जप्ती कायम झाल्यापासून ३६५ दिवस पूर्ण होतील ती तारीख, आणि तोवर ईडीने विशेष न्यायालयात खटला दाखल केला आहे की नाही. केला नसेल तर सुटकेचा अर्ज करता येतो. मूळ फसवणुकीच्या गुन्ह्यातून पती निर्दोष सुटले किंवा तो गुन्हा रद्द झाला, तर पीएमएलएचा खटलाही उभा राहत नाही, म्हणून त्या प्रकरणाच्या तारखाही बघत राहा. आणि खटला सुरू असताना कलम ८(८) खाली विशेष न्यायालयाकडे मालमत्ता परत मागता येते. त्यासाठी हक्क कायदेशीर, वागणे प्रामाणिक आणि नुकसान मोजता येण्यासारखे असावे लागते. हे कलम सहसा फसलेल्या बँका आणि खरेदीदार वापरतात, तुमच्यासाठी ते शेवटचे हत्यार. अथॉरिटीविरुद्धचे अपील दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात, तिथून पुढे उच्च न्यायालयात ६० दिवसांत.

या सगळ्याला पैसा लागतो आणि तुमचे खाते गोठलेले आहे. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही, आणि ती न्यायाधिकरणांपुढच्या कामालाही लागू आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या विधि सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. काम दिल्लीत आहे आणि नोटिशीची मुदत अमुक तारखेला संपते, हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा, म्हणजे तो पुढे दिल्लीकडे लवकर जाईल. सोबत नोटिशीची प्रत आणि ते ४५ ओळींचे कोष्टक. ते पगाराच्या पासबुकावरून तुम्ही दोन संध्याकाळीत स्वतः करू शकता, वकिलाची वाट बघू नका.